सिकलसेल: पत्रिकेसोबत कार्ड जुळवलं की आजार संपेल का?

पत्रिका नंतर बघा, आधी सिकलसेलचं कार्ड जुळतंय का ते बघा, अशा अर्थाचं आवाहन गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यक्रमांत, आश्रमशाळांत आणि आरोग्य शिबिरांत वारंवार ऐकू येतं. सोशल मीडियावर त्याचे रील्सही फिरतात. त्यातल्या अनेकांमध्ये वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ केलेली असते. वाहकाने लग्नच करू नये इथपर्यंत काहींची मजल जाते.

यामागचं कारण मोठं आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या आदिवासीबहुल भागांत ० ते ४० वयोगटातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहणार नाही अशी स्थिती आणायची, हे या मोहिमेचं उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यात २ लाखांहून अधिक रुग्ण आणि १६ लाखांहून अधिक वाहक सापडले, असं सरकारी आकडेवारी सांगते.

म्हणजे देशातल्या लाखो घरांत आज असं एक कार्ड आहे, ज्यावर त्या माणसाच्या जनुकाबद्दलची माहिती लिहिली आहे. त्या माहितीचा अर्थ काय, तो कुणाला नीट सांगितला गेला का आणि त्यातून आजार खरंच कमी होईल का, हे समजून घेऊया.

नेमकं बिघडतं काय?

आपल्या लाल रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून शरीरभर पोहोचवणं हे त्याचं काम. हे प्रथिन चार साखळ्यांचं बनलेलं असतं: दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याची कृती ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते.

या कृतीतलं फक्त एक अक्षर बदलतं. जिथे 'ए' हवा तिथे 'टी' येतो. परिणामी साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल बसतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा असतात. यालाच जनुकीय उत्परिवर्तन म्हणतात.

बदल एवढासाच, पण ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतं. गोल, लवचिक पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा, म्हणून नाव सिकलसेल. या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही त्याला 'क्रायसिस' म्हणतात. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळे, वारंवार जंतुसंसर्ग. हळूहळू प्लीहा, मूत्रपिंड, हाडं, मेंदू अशा अवयवांनाही इजा होऊ शकते.

१९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींची पहिली शास्त्रीय नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष थेट हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. तो दोष नेमका एका अमिनो आम्लाचा आहे हे व्हर्नन इनग्राम यांनी १९५० च्या दशकात शोधलं. भारतात हा आजार १९५२ मध्ये नीलगिरीच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींमध्ये आढळला. महाराष्ट्रात विदर्भातले गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावती आणि उत्तरेकडे नंदुरबार हे त्याचे मुख्य पट्टे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत तसंच विदर्भातल्या काही अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आहे.

वाहक आणि रुग्ण यात फरक काय?

सगळा गोंधळ इथेच होतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला 'ए' आणि बदललेल्या प्रतीला 'एस' म्हणू.

दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर ती व्यक्ती 'एए', म्हणजे आजार नाही आणि वाहकही नाही. एक प्रत बदललेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. विदर्भात लोक बोलताना 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच म्हणतात.

वाहकाच्या शरीरात दुसरी, चांगली प्रत काम सांभाळून घेते. त्यामुळे वाहक साधारणपणे पूर्ण निरोगी आयुष्य जगतो. तो शेती करतो, पोलीस भरतीसाठी धावतो, बाळंतपणं होतात. अतिशय उंचावर किंवा शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना टोकाचे श्रम केले, तर क्वचित त्रास होऊ शकतो, एवढंच. वाहकाला औषध लागत नाही आणि वाहक पुढे कधी 'रुग्ण बनत' नाही. एएस आयुष्यभर एएसच राहतो.

पुढच्या पिढीचं गणित

मूल होताना आई आपल्या दोन प्रतींपैकी एक देते, वडील आपल्या दोनपैकी एक देतात. कोणती जाईल हे नाणं उडवल्यासारखं असतं. त्यावरून पाच शक्यता निघतात.

वाहक आणि एए: कोणतंही मूल रुग्ण होणार नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के.

वाहक आणि वाहक: प्रत्येक मुलाबाबत २५ टक्के शक्यता एए, ५० टक्के वाहक, २५ टक्के रुग्ण.

रुग्ण आणि एए: सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही.

रुग्ण आणि वाहक: प्रत्येक मूल ५० टक्के वाहक, ५० टक्के रुग्ण.

रुग्ण आणि रुग्ण: सगळी मुलं रुग्ण.

यातल्या 'प्रत्येक मूल' या शब्दांवर थांबायला हवं. दोघं वाहक असले की चारपैकी एक मूल आजारी होतं, असं सांगितलं की अनेकांना वाटतं, पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुरक्षित. तसं नाही. नाण्याला मागचा छापा आठवत नाही. दुसऱ्या बाळंतपणातही शक्यता पुन्हा २५ टक्केच. अशा जोडप्याला दोन मुलं झाली, तर त्यातलं किमान एक रुग्ण असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. उरलेल्या ५६ टक्के वेळा दोन्ही मुलं आजाराविना असतील. म्हणूनच 'आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हतं' हे वाक्य खरं असूनही फसवं ठरतं. बदललेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या वाहकांमधून शांतपणे पुढे सरकते आणि दोन वाहक एकत्र आले तरच कधीतरी समोर येते.

आणि मूल एसएस असेल तर त्याला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून आलेलाच असतो. एकट्या सुनेच्या माथी दोष मारायला या गणितात जागाच नाही. तरीही आजारी मूल झालं की बोट आधी आईकडे जातं. 'पांढऱ्या पायाची', 'माहेरून आजार घेऊन आली' अशी दूषणं तिच्या वाट्याला येतात. नवऱ्याची तपासणी अनेकदा होतच नाही. त्या घरात कार्ड एकच असतं आणि ते तिचं असतं.

सगळे आनुवंशिक आजार असेच चालतात का?

नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया यांना अप्रभावी आजार म्हणतात, कारण दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो. हंटिंग्टनसारखे आजार प्रभावी असतात. तिथे एकच बिघडलेली प्रत पुरते, त्यामुळे आजारी पालकाच्या प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. हिमोफिलिया आणि नेहमीचा रंगांधळेपणा यांचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याकडे एक्स एकच असल्याने हे बहुतांशी मुलग्यांमध्ये दिसतात आणि आईकडून येतात. काही आजारांत बदल आईवडिलांत नसतोच, तो मुलातच नव्याने होतो. बुटकेपणाच्या ॲकॉन्ड्रोप्लाझिया या प्रकारात बहुतेक मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात ते यामुळेच. म्हणून एका आजाराचा नियम दुसऱ्याला लावून सल्ला देणं धोक्याचं आहे.

हा आजार आदिवासी भागांतच जास्त का?

'अशुद्ध रक्त', 'जवळच्या नात्यातली लग्नं', 'खाण्यापिण्याच्या सवयी' अशी उत्तरं सर्रास ऐकू येतात. खरं उत्तर डासांशी जोडलेलं आहे.

१९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जिथे मलेरियाने मुलं दगावत होती, तिथे एए पेक्षा एएस मुलं जास्त जगली. ती मोठी झाली, त्यांची मुलं झाली आणि बदललेली प्रत समाजात टिकून राहिली. रक्ताच्या अशा आजारांमागे मलेरिया असू शकतो, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी त्याआधीच, १९४९ मध्ये मांडला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

जगाच्या नकाशावर सिकलसेलचे पट्टे मलेरियाच्या जुन्या पट्ट्यांशी मिळतेजुळते आहेत: आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान आणि मध्य भारतातली जंगलं. त्यात आपल्याकडे लग्नं समाजाच्या आतच होतात. त्यामुळे ही प्रत बाहेर पसरली नाही आणि आत तिचं प्रमाण जास्त राहिलं. ज्या समाजात २० टक्के लोक वाहक आहेत, तिथे योगायोगाने जुळलेल्या दर २५ जोडप्यांत एक जोडपं वाहक-वाहक असणार आणि जन्मणाऱ्या दर १०० मुलांत साधारण एक मूल रुग्ण असणार. या प्रतीने त्यांच्या पूर्वजांना वाचवलं होतं. तिला कलंक म्हणणं विज्ञानाला धरून नाही.

मग कार्ड जुळवून आजार संपेल?

कागदावर उत्तर सोपं आहे. वाहकाने वाहकाशी लग्न केलं नाही तर एसएस मूल जन्मणार नाही. पण माणसं कागदावर लग्न करत नाहीत, आणि हा प्रयोग जगात आधी झालेला आहे.

ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या भागात सिकलसेलच्या वाहकांचं प्रमाण खूप जास्त होतं. तिथेही लग्नं घरच्यांनी ठरवलेली असत. संशोधकांनी गावकऱ्यांची तपासणी केली, कोण वाहक आहे ते सांगितलं आणि वाहकांनी आपसात लग्न टाळावं असा सल्ला दिला. काही वर्षांनी ते परत गेले. वाहक-वाहक जोडपी कमी झालीच नव्हती. तपासणी केली नसती तर जेवढी अपेक्षित होती, साधारण तेवढीच जुळली होती. झालं होतं ते वेगळंच: वाहकांवर शिक्का बसला होता, आणि लग्न मोडेल या भीतीने काहींनी आपण वाहक असल्याचं लपवलं होतं. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास जनुकीय तपासणीच्या क्षेत्रात आजही धडा म्हणून सांगितला जातो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना समजावला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकरी आणि विम्यात अडवणूक सोसावी लागली.

उलट उदाहरण सायप्रसचं. तिथे थॅलेसेमियाचा प्रश्न गंभीर होता. १९८० च्या दशकात तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. पण त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसे. तपासणी झाली आहे आणि सल्ला मिळाला आहे, एवढंच त्यात असे. निकाल त्या दोघांनाच माहीत. दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. त्यांना गर्भावस्थेत तपासणीचा मार्ग उपलब्ध होता. थॅलेसेमियाच्या नव्या बालरुग्णांचे जन्म तिथे जवळजवळ थांबले.

या दोन उदाहरणांतला फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ऑर्कोमेनोसमध्ये लोकांना फक्त सांगितलं गेलं की कुणाशी लग्न करू नका. सायप्रसमध्ये गुप्तता होती, समुपदेशन होतं आणि लग्न झाल्यानंतरचा पर्यायही होता.

आपल्याकडे तो पर्याय आहे का?

कायद्यात आहे. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदाच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला परवानगी देतो. साधारण १० ते १२ आठवड्यांदरम्यान वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन बाळ एए, एएस की एसएस हे कळू शकतं. पुढचा निर्णय त्या बाईचा. गर्भपाताचा कायदा २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर परवानगी देतो.

अडचण कायद्याची नाही, अंतराची आहे. अशा तपासणीच्या सोयी मोठ्या शहरांत आहेत. भामरागडहून नागपूर गाठायला अख्खा दिवस मोडतो. रोजगार बुडवून, सोबत माणूस घेऊन, १२ आठवडे उलटायच्या आत तिथे पोहोचायचं, हे किती जणींना जमेल? त्यासाठी मुळात दोघंही वाहक आहेत हे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच कळायला हवं. गरोदर बाईची तपासणी झाली आणि ती वाहक निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी, हा साधा नियम पाळला गेला तरी बरंच साधेल.

चाचणीबाबत एक खबरदारी

शिबिरात सहसा सोल्युबिलिटी चाचणी होते. ती स्वस्त आणि झटपट असते, पण ती फक्त 'एस' आहे की नाही हे सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. शिबिरातला 'पॉझिटिव्ह' शब्द ऐकून घाबरू नका, पक्का अहवाल मागा.

दुसरी बाब याहून कमी लोकांना माहीत असते. सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मुलाला दोन्हीकडची बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि त्या मुलाला सिकलसेलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणजे 'सिकलसेल निगेटिव्ह' हा शब्द पुरेसा नाही. निदान एक जण वाहक असेल तेव्हा तरी दुसऱ्याची एचपीएलसी करून घ्यावी.

जे आज जगतायत त्यांचं काय?

निर्मूलन या शब्दामुळे एक गैरसमज होतो. वाहकांनी आपसात लग्नं टाळली तरी 'एस' प्रत समाजातून जाणार नाही. ती वाहकांमधून पुढे जातच राहील. कमी होतील ते नवे रुग्ण. आणि आज जे २ लाखांहून अधिक रुग्ण सापडले आहेत, त्यांच्यासाठी कार्ड जुळवण्याचा काहीच उपयोग नाही. त्यांना उपचार हवेत.

उपचार आहेत. हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी, तोंडाने घ्यायची गोळी क्रायसिस कमी करते. जन्मानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन भरपूर असतं, म्हणून तेव्हा त्रास दिसत नाही. हे औषध तेच हिमोग्लोबिन वाढवतं. लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोनियाविरोधी लस, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, ताप आला की लगेच दवाखाना, एवढ्यानेही आयुष्य वाढतं. बाळाचं निदान जन्मताच झालं तर हे सगळं वेळेत सुरू करता येतं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुक संपादनावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' उपचाराला मान्यता दिली. तिथली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा स्वदेशी उपचार जाहीर झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आलं आहे. ही आशेची बातमी आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातली हायड्रॉक्सीयुरियाची बाटली संपलेली असेल, तर नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलाला आज रात्री त्या बातमीचा उपयोग नाही.

हक्कांचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. उच्च शिक्षणात त्याचा आधार मिळतो. मात्र सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. महिन्यातले काही दिवस वेदनेत घालवणाऱ्या तरुणाला प्रमाणपत्र मिळतं, पण त्या आरक्षणातून नोकरी मिळत नाही.

तुमच्या घरात कार्ड असेल तर

कार्डावर एएस असेल तर तुम्ही आजारी नाही. लग्न करू शकता, मुलं होऊ शकतात. जोडीदाराची तपासणी करून घ्या, शक्यतो एचपीएलसी. दोघं वाहक निघालात तर समुपदेशकाशी बोला आणि गरोदरपण कळल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. कार्डावर एसएस असेल तर औषध बंद करू नका आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आणि दुसऱ्याच्या कार्डाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ऑर्कोमेनोसमध्ये लोकांनी आपला निकाल का लपवला, याचं उत्तर शोधायला ग्रीसला जायची गरज नाही. कार्ड उघडं पडलं की लग्न मोडतं हे गावाला दिसलं, तर पुढच्या शिबिराला कुणी हात पुढे करणार नाही. मग ७ कोटींच्या तपासणीचा आकडा गाठला तरी आजार तिथेच राहील.